मीटर आणि दरपत्रक: सॉफ्टवेअरचे नियम ऑफिसातल्या माणसाच्या हाती द्यायचे तर

१ फेब्रुवारी २०२५ ला रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं. त्यानंतरचे काही आठवडे ठाणे स्टेशनाबाहेर, सॅटिसच्या पुलाखाली, उतरताना हमखास तेच चालायचं: मीटर जुना आकडा दाखवतोय, रिक्षावाला दरपत्रक पुढे करतोय आणि प्रवासी बोट फिरवत आपली ओळ शोधतोय. मीटर नव्या दराला जुळवून घ्यायला मुदत दिली होती, कारण ते काम एकेका रिक्षाचं असतं. मीटर उघडा, बदला, तपासा, पुन्हा सील करा. कागद मात्र एका दिवसात छापून झाला.

मी वागळे इस्टेटमध्ये बसून छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. खरेदी, स्टोअर, गेट पास, बिलं असलं काहीबाही. माझा निम्मा धंदा म्हणजे मीटर उघडून पुन्हा सील करणं. एके संध्याकाळी ट्रान्सहार्बरच्या गाडीत ऐरोलीला चढतो न चढतो तोच फोन वाजला. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळणारे काका होते. "सर, ते पीओच्या सहीचं पन्नास हजाराचं लिमिट एक लाख करायचं होतं. मोठे साहेब म्हणाले आजपासून."

आजपासून! पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डर, आणि त्या लिमिटच्या वरच्या ऑर्डरला मोठ्या साहेबांची सही लागायची. तो आकडा कोडमध्ये तीन ठिकाणी लिहिलेला होता. मी दोन ठिकाणी बदलला. तिसरा छपाईच्या भागात होता, त्यामुळे पुढचे चार दिवस सत्तर-ऐंशी हजारांच्या पीओ मंजूर होत होत्या खरेदीप्रमुखाकडे आणि कागदावर सहीची जागा मात्र छापून येत होती मोठ्या साहेबांच्या नावाची. चूक माझीच. पण एक आकडा बदलायला प्रोग्रामर लागतोच कशाला, हा काकांचा प्रश्न त्याहून जुना होता आणि रास्तही होता.

या प्रश्नाचं उत्तर म्हणून हल्ली एक शब्द सारखा कानावर पडतो: "कॉन्फिगरेबल वर्कफ्लो". विकायला येणारा प्रत्येक जण सांगतो की आमच्यात नियम तुम्हीच बदला, प्रोग्रामर नको. ते खरं किती आणि त्यातली मेख कुठे, ते बघू.

## पीएनआर ज्याला कळतो त्याला वर्कफ्लो कळतो

रेल्वेचं तिकीट काढलं की ते वेटिंगवर असतं, आरएसीत असतं किंवा कन्फर्म असतं. वेटिंगचं आरएसी होतं, आरएसीचं कन्फर्म होतं. रद्द केलेलं तिकीट मात्र पुन्हा वेटिंगवर येत नाही. चार्ट लागला आणि ई-तिकीट पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात. त्यासाठी कुणी बटण दाबायला येत नाही.

झालं. कागदाच्या ठरलेल्या अवस्था, एका अवस्थेतून कुठल्या अवस्थेत जाता येतं, आणि ते पाऊल कोण किंवा काय टाकतं, याला वर्कफ्लो म्हणायचं. कारखान्यातला इंडेंट, म्हणजे माल मागवायचा कागद, तोही असाच जातो: स्टोअरने भरला, खरेदी विभागाने पाहिला, साहेबांनी ओके केला, पीओ निघाली, माल आला, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन झाली.

नियम ही वेगळी चीज. "रक्कम एक लाखाच्या वर असेल तर मोठे साहेब", "पुरवठादार नवीन असेल तर तीन कोटेशन्स हवीत". वर्कफ्लो म्हणजे रस्ता आणि नियम म्हणजे त्यावरचं फाटक. असे नियम कोडबाहेर साठवून ते वाचणारा आणि लागू करणारा सॉफ्टवेअरचा भाग म्हणजे रूल इंजिन. नावात इंजिन आहे म्हणून दचकू नका, बरेचदा ते शंभरेक ओळींचंच असतं.

## हे सगळं बसवायचं कुठे?

आजकाल कोणी वेबवरचं सॉफ्टवेअर शून्यापासून लिहीत नाही. लॉगिन, डेटाबेस, फॉर्म, पानं दाखवणं ही कामं आयती करून देणारा सांगाडा घेतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. जँगो, लारावेल, रेल्स, स्प्रिंग ही त्यातली चलनी नावं.

यात वर्कफ्लो घालायच्या दोन तऱ्हा आहेत आणि जाहिरातीत दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. पीएचपी या भाषेतल्या सिम्फनी या फ्रेमवर्कमध्ये २०१६ पासून वर्कफ्लोचा स्वतंत्र भाग आहे. त्यात अवस्था आणि मार्ग एका फाइलमध्ये मांडले जातात. काम नेटकं होतं, पण फाइल बदलायची तर प्रोग्रामरच लागतो आणि बदललेलं सर्व्हरवर चढवायलाही तोच लागतो. म्हणजे आकडा मीटरच्या आतच राहिला, फक्त शोधायला सोपा झाला.

दुसरी तऱ्हा म्हणजे हीच माहिती डेटाबेसच्या तक्त्यांत ठेवायची आणि ती बदलायला एक स्क्रीन द्यायची. याचं चांगलं उदाहरण आपल्या मुंबईतच तयार झालं आहे: धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं (म्हणजे ईआरपी) सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे ते फ्रॅपे हे फ्रेमवर्क. त्यात वर्कफ्लो हाही एक भरायचा फॉर्मच असतो. वरच्या तक्त्यात अवस्था लिहायच्या आणि प्रत्येक अवस्थेत कागदात बदल कोण करू शकतं ते निवडायचं. खालच्या तक्त्यात एकेक पाऊल: कुठून निघायचं, बटणावर काय लिहायचं, कुठे पोचायचं, ते बटण कुणाला दिसेल, आणि हवी तर अट. एक बारीकशी चौकटही असते, आपल्याच कागदाला आपणच मंजुरी दिलेली चालेल का, अशी. पुढे काय भानगडी होतात हे पाहिलेल्या माणसानेच ती घातली असणार.

फ्रॅपेची एक गोष्ट मला फार पटते. वापरणाऱ्याने कितीही अवस्था बनवल्या तरी त्या खालच्या तीन पक्क्या पायऱ्यांपैकी एकीवर बसवाव्या लागतात: ० म्हणजे कच्चा, १ म्हणजे दाखल, २ म्हणजे रद्द. दाखल झालेला कागद पुन्हा कच्चा होत नाही आणि रद्द झालेला जिवंत होत नाही. ते स्क्रीनवरून बदलताच येत नाही. वरचे मजले हवे तसे बांधा, पण पायाला हात लावायचा नाही.

## फाटक असतं, पण बाजूने वाट असते

प्रोग्रामरांसाठी एक आडवळण, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. नियम तपासायचे कधी? साधारणपणे नोंद सेव्ह होण्याच्या क्षणी. जँगोत त्यासाठी सिग्नल नावाची सोय आहे: नोंद सेव्ह होण्याआधी आणि नंतर फ्रेमवर्क हाक मारतं आणि आपण त्या हाकेला नियम जोडतो. पण जँगोतच एका फटक्यात अनेक नोंदी बदलणारी जी आज्ञा आहे, ती ही हाक मारतच नाही. आमच्याकडे एकदा अकाउंट्सने एक्सेलमधून पुरवठादारांची यादी एकदम चढवली आणि "जीएसटी क्रमांकाशिवाय पुरवठादार नको" हा नियम शांतपणे बाजूला राहिला. तेव्हापासून आम्ही नियम सिग्नलवर सोडत नाही. अवस्था बदलायला एकच दार ठेवतो आणि आयात असो, मोबाइल असो की रात्रीचं आपोआप चालणारं काम असो, सगळ्यांना त्याच दारातून पाठवतो.

## अट कोणत्या भाषेत लिहायची?

खरी मजा आणि खरा धोका इथे आहे. अट लिहायला माणसाला किती मोकळीक द्यायची?

सगळ्यात मोकळं म्हणजे एक कोरी चौकट देऊन सांगायचं की लिहा सूत्र. पायथनसारख्या भाषेत असं लिहिलेलं सूत्र जसंच्या तसं चालवणं एका ओळीत होतं आणि ती ओळ पाहून सुरक्षेवाल्यांची झोप उडते. कारण त्या चौकटीत "रक्कम एक लाखाच्या वर" लिहिता येतं, तसंच "सर्व्हरवरच्या फाइली पुसून टाक" हेही लिहिता येतं. म्हणून असली सूत्रं बंदिस्त जागेत, मोजक्याच क्रिया चालतील अशा बेताने चालवावी लागतात. फ्रॅपेमध्ये ब्राउझरमधून सर्व्हरवरच्या लहान स्क्रिप्ट लिहायची सोय आहे, पण आवृत्ती १५ पासून ती मुळात बंद असते. ज्याला हवी त्याने मुद्दाम चालू करायची.

दुसरं टोक म्हणजे काहीच लिहू द्यायचं नाही. तीन खिडक्या द्यायच्या: कोणतं खानं, कशी तुलना, किती किंमत. "रक्कम", "पेक्षा जास्त", "१,००,०००". काका हे चष्मा न लावताही भरतात.

माझ्या अनुभवात या दोन्हींपेक्षा तक्ता बरा पडतो. दरपत्रकासारखा. डावीकडच्या रकान्यांत परिस्थिती, उजवीकडच्या रकान्यात निर्णय, एका ओळीत एक नियम. याला निर्णय-तक्ता म्हणतात आणि तो कसा मांडायचा याचं डीएमएन नावाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१५ पासून आहे. त्यात प्रत्येक तक्त्यावर एक गोष्ट आधीच लिहावी लागते: दोन ओळी एकाच वेळी लागू झाल्या तर काय? पहिली धरायची, की दोन्ही, की असं होऊच द्यायचं नाही? हा प्रश्न मला सुचायला माझ्याच एका ग्राहकाचं एक बिल अडकावं लागलं.

बिल काँप्रेसरच्या सुट्या भागाचं होतं. काकांनी स्वतःच्या हाताने दोन नियम भरले होते. ५०,००० पेक्षा कमी असेल तर खरेदीप्रमुख, ५०,००० पेक्षा जास्त असेल तर मोठे साहेब. वाचताना काही खटकत नाही. पुरवठादाराने बिल पाठवलं बरोबर ५०,००० चं. ते कुणाच्याच यादीत दिसेना. अकरा दिवसांनी पुरवठादार थेट गेटवर येऊन उभा राहिला, तेव्हा आम्ही डेटाबेसमध्ये शोधलं. बिल "मंजुरीसाठी" या अवस्थेत बसून होतं आणि मंजूर करणाऱ्याच्या खान्यात काहीच नव्हतं.

कोडमध्ये ही चूक मी केली असती तर कदाचित चाचणीत पकडली गेली असती. काकांकडून चाचणीची अपेक्षा कशी करणार? म्हणून तक्ता सेव्ह होतानाच कुठे भोक राहिलंय, कुठे दोन ओळी एकमेकींवर चढल्यात, हे तपासणं आता आमच्या सॉफ्टवेअरचं काम आहे. आकड्यांच्या पट्ट्यांसाठी ते तसं सोपंही आहे: पट्ट्या क्रमाने लावा आणि एकीचं टोक दुसरीच्या सुरुवातीला टेकतंय का बघा. शिवाय शेवटची ओळ सक्तीची: "वरचं काहीच लागू नसेल तर", आणि तिथे कुणाचं तरी नाव हवंच.

## आकड्याला तारीख हवी

जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची, गोष्ट घ्या. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींवर वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना सक्तीचं झालं. जानेवारी २०२१ ला मर्यादा १०० कोटी, एप्रिल २०२१ ला ५०, एप्रिल २०२२ ला २०, ऑक्टोबर २०२२ ला १० आणि ऑगस्ट २०२३ ला ५ कोटी. नियमाचं वाक्य तेच राहिलं, आकडा तेवढा तीन वर्षांच्या आत पाच वेळा खाली आला. ज्यांनी तो कोडमध्ये कोरला होता त्यांनी पाच वेळा मीटर उघडला. ज्यांनी तक्त्यात ठेवला त्यांनी एक आकडा पुसून दुसरा लिहिला, आणि त्यातले काही वेगळ्याच खड्ड्यात पडले. जुना आकडाच गेल्यामुळे मागच्या वर्षाचं बिल पुन्हा उघडलं की त्यालाही नवाच नियम लागायचा.

म्हणून नियमाच्या ओळीत "केव्हापासून" आणि "केव्हापर्यंत" असे दोन रकाने हवेतच. ओळ पुसायची नाही, तिची मुदत संपवायची आणि खाली नवी लिहायची.

पण तारीख कोणती धरायची? रिक्षातच बघा. ३१ जानेवारीला रात्री पावणेबाराला तुम्ही ठाणे स्टेशनला बसलात आणि घोडबंदर रोडवर कासारवडवलीला उतरलात तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. भाडं जुनं की नवं? रात्री १२ ते पहाटे ५ चा सव्वापट दर लागू की नाही? तिथे वाद घालायला दोन माणसं हजर असतात. सर्व्हरवर मध्यरात्री कुणीच नसतं, त्यामुळे उत्तर आधीच लिहून ठेवावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये गेल्या, तेव्हा हाच प्रश्न दुकानादुकानात होता: माल आधी गेला, बिल नंतर झालं, पैसे त्याहून नंतर आले. कायद्यात त्याची वेगळी तरतूद आहे, पण आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तीनही तारखा वेगवेगळ्या नोंदलेल्या नसतील तर ती लावणार कशी?

वर्कफ्लोचं तर आणखी अवघड. मंजुरीच्या साखळीत "क्वालिटी" नावाची नवी पायरी घातली तेव्हा चाळीसेक इंडेंट आधीच रस्त्यात होते. त्यांना जुनी साखळी लावायची की नवी? आणि एखादी पायरी काढून टाकली तर तिच्यावर उभ्या असलेल्या कागदांनी जायचं कुठे? आम्ही साधा मार्ग धरला आहे. कागद ज्या आवृत्तीत जन्मला त्याच आवृत्तीत संपतो. ज्या पायरीवर एकही कागद उभा आहे ती काढता येत नाही, स्क्रीन नकार देते आणि त्या कागदांची यादी पुढे ठेवते. काकांना हे सुरुवातीला जाचक वाटलं होतं.

## मग सगळंच बदलता येईल असं का बनवत नाही?

हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा बहुधा कारखान्याचा मालक असतो. कारण अगदी सगळं बदलता येईल अशी स्क्रीन बनवता बनवता आपण एक नवी प्रोग्रामिंगची भाषाच बनवून बसतो, आणि तीही वाईट: तिला चाचण्या नाहीत, चुका दाखवणारं साधन नाही, मागच्या आवृत्तीवर जायची सोय नाही. मग ती स्क्रीन फक्त तिच्या निर्मात्यालाच कळते आणि फोन पुन्हा त्यालाच जातो.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ओडू या नावाजलेल्या ईआरपीत पूर्वी स्वतंत्र वर्कफ्लो इंजिन होतं, ते त्यांनी नंतर काढून टाकलं आणि साध्या अवस्थेच्या खान्यावर आले. त्याहून जुनी गोष्ट अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीची. १९८० च्या आसपास तिथे एक्सकॉन नावाची नियमांवर चालणारी प्रणाली आली. गिऱ्हाइकाने मागितलेल्या संगणकाला कुठले भाग, कुठल्या तारा लागतील ते ती ठरवायची. सुरुवातीला काही शे नियम होते, पुढे ते हजारांत गेले आणि ते नियम सांभाळणं हाच एक उद्योग झाला. एक नियम बदलला की दुसरा कुठे बिघडेल ते सांगता येईना.

याच काळात, १९७९ मध्ये, चार्ल्स फोर्जी यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्रबंधात रेटे ही पद्धत मांडली. हजारो नियम प्रत्येक वेळी पहिल्यापासून न तपासता, बदललेल्या माहितीपुरतंच कसं तपासायचं, हे तिचं सार. ड्रूल्ससारख्या जावातल्या रूल इंजिनांची मुळं तिथे आहेत. बँकेला, विमा कंपनीला ती लागतात. रबाळेतल्या चाळीस माणसांच्या कारखान्याला नियम असतात पस्तीस. ते वरून खाली एकेक वाचले तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात.

माझ्यापुरता हिशेब असा: जे वर्षात दोनदा बदलतं ते तक्त्यात. जे पाच वर्षांत एकदा बदलतं ते कोडमध्येच बरं, त्यासाठी मला फोन करा, मी पैसे घेईन आणि नीट करीन.

## चुकीचा नियम लावला तर?

लावणारच. एकदा रात्री दोन नियमांची जुंपली. एक म्हणत होता की कागदात काही बदललं की खरेदीप्रमुखाला ईमेल पाठव. दुसरा म्हणत होता की ईमेल गेला की "शेवटचा निरोप" या खान्यात वेळ भर. वेळ भरली म्हणजे कागद बदलला, कागद बदलला म्हणजे ईमेल. सकाळी त्या गृहस्थांची मेलपेटी तुडुंब भरलेली. आता एका कृतीतून सलग किती नियम पेटू शकतात याला आम्ही मर्यादा घातली आहे. ती ओलांडली की सगळं थांबतं आणि आम्हाला खबर मिळते.

बँकेत नोंद करणारा एक आणि ती पास करणारा दुसरा असतो, त्याला मेकर-चेकर म्हणतात. नियम बदलायलाही तेच. काकांनी बदललेला नियम दुसऱ्या कुणीतरी ओके केल्याशिवाय लागू होत नाही.

सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट मात्र बनवायला जेमतेम दोन दिवस लागले: "करून बघा" हे बटण. नवा नियम लागू करण्याआधी तो गेल्या तीन महिन्यांच्या खऱ्या बिलांवर खोटाखोटा चालवायचा आणि कुठल्या बिलाचा निर्णय बदलला असता ते दाखवायचं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा काकांनी यादी खाली खाली सरकवली, थांबले, आणि म्हणाले, "अरे, म्हणजे चहावाल्याचं बिलपण मोठ्या साहेबांकडे गेलं असतं."

## हे एआयला सांगून होणार नाही का?

नियम लिहायला त्याची मदत होते, नाही कशाला म्हणू. "पन्नास हजारांपर्यंत प्रमुख, वर साहेब" असं मराठीत बोललेलं वाक्य तक्त्याच्या ओळीत मांडून देणं त्याला जमतं. निर्णय मात्र मी त्याच्याकडे देणार नाही. सारखंच बिल आज आणि उद्या सारख्याच माणसाकडे गेलं पाहिजे आणि ऑडिटरने "का?" असं विचारलं तर ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. दरपत्रकात बोट ठेवता येतं, तसं.

## आणि नियम काढायचे कुणी?

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. या वेळी काही बदलायचं नव्हतं. "सर, एक नियम काढायचा तर कसा काढायचा?" मी चकित झालो, कारण इतक्या वर्षांत नियम घाला म्हणणारे शेकडो भेटले, काढा म्हणणारा हा पहिलाच. नियम असा होता: शनिवारी दुपारी दोननंतर गेट पास देऊ नये. कारखान्याची शनिवारची दुसरी पाळी सुरू होऊन वर्ष उलटलं होतं आणि दर शनिवारी टेम्पो गेटवर अडकून राहायचा.

"घातला कुणी होता बघा," मी म्हटलं. प्रत्येक नियमामागे कुणी, कधी आणि का, हे तीन रकाने आम्ही सक्तीचे केलेले आहेत. काकांनी नोंद उघडून मोठ्याने वाचली. नाव दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका सुपरवायझरांचं. तारीख होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "साहेबांनी सांगितलं."

कोणत्या साहेबांनी, ते काका अजून शोधतायत. तोवर शनिवारचे गेट पास शुक्रवारी बनवून ठेवतात.